मौनानंतरची लेखणी : 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना

आमच्या धर्मग्रामात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सायंकाळच्या मिस्सेनंतर, एक लहानसे वाचक मंडळ भरते. मरोळ-कोंडिविट्याकडील जुनी ईस्ट इंडियन कुटुंबे, वसईहून येऊन अंधेरी-बोरिवलीत स्थायिक झालेली मंडळी आणि नगर जिल्ह्यातून नोकरीनिमित्त आलेले काही तरुण अशी दहा-बारा माणसे जमतात. गेल्या आगमनकाळात मंडळातील एका वयोवृद्ध बाईंनी, सर्वजण उठून गेल्यावर, पिशवीतून एक नवी कोरी वही काढून माझ्यासमोर ठेवली. त्या निवृत्त शिक्षिका. विवाहापूर्वी त्या नियमाने मनातले लिहीत असत. विवाह झाला आणि वही मिटली ती मिटलीच. मध्ये पन्नास वर्षे लोटली. पतीची गिरणीतील नोकरी १९८२ च्या संपात गेली. दिराबरोबर जमिनीचा वाद झाला, थोरला मुलगा परदेशी गेला, पती देवाघरी गेले. आता त्यांनी पुन्हा वही उघडली होती. पहिल्या पानावर एकच वाक्य होते : इतकी वर्षे लिहिले नाही याबद्दल क्षमा असावी.

"फादर, याच्यापुढे काही सुचतच नाही," त्या म्हणाल्या. "आणि क्षमा मागितली ती कुणाची, तेही कळेना."

मी उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी ते नव्हते. गोरेगावच्या सेमिनरीत असताना आम्हां विद्यार्थ्यांना आध्यात्मिक दैनंदिनी ठेवण्याची शिस्त होती. दीक्षा झाल्यानंतर वर्षभरात माझी दैनंदिनी बंद पडली. तेव्हापासून मी स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवहीत हजारो नावे लिहिली आहेत. स्वतःविषयी मात्र एक ओळही नाही. असो. त्या रात्री मी कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' खाली काढली आणि या एकाच प्रश्नाच्या उजेडात ती पुन्हा वाचली. दीर्घ आणि घडामोडींनी भरलेल्या मौनानंतर माणूस स्वतःविषयी लिहू लागतो तेव्हा त्याने कोणत्या भूमिकेवरून लिहावे, हा तो प्रश्न.

वाचकांच्या सोयीसाठी चरित्राचा सांगाडा थोडक्यात सांगतो. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, गोखल्यांचे. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी विवाह झाला. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह मागे राहिल्या. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे गेल्या आणि १९०० साली त्यांनीही स्नानसंस्कार घेतला. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग ग्रंथरूपाने आला तो १९३४ साली, लेखिका साठी ओलांडून गेल्यावर. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथाचा अखेरचा भाग त्यांचे पुत्र देवदत्त यांना पुरा करावा लागला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. लक्ष्मीबाई या मधल्या काळात लेखणी टाकून बसल्या होत्या असे मुळीच नाही. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्यात ६४ अध्यायांची भर घालून त्यांनी ते महाकाव्य पुढे नेले. चौसष्ट अध्याय ओवीबद्ध रचणारी बाई मौनात होती असे कोण म्हणेल? परंतु ते लेखन प्रभू येशूच्या चरित्राचे होते आणि दुसऱ्याने घालून दिलेल्या वाटेवरचे होते. विरहाच्या दिवसांत त्यांनी स्वतःच्या दुःखाच्या कविता रचल्या होत्या. तो 'मी' पुढील तीन-साडेतीन दशके गद्यात असा प्रकट झाला नाही. दुष्काळ आला, प्लेग आला, अनाथ मुले घरात आली, घरे बदलली, गावे बदलली. या साऱ्या काळात ती बाई लोकांसाठी जगली, देवासाठी लिहिती झाली, आणि स्वतःविषयी कागदावर गप्प राहिली. आपल्या धर्मग्रामांतील किती तरी स्त्रियांचे, आणि धर्मगुरूंचेही, मौन नेमके याच जातीचे असते. हात रिकामे नसतात. रिकामे असते ते फक्त एक पान.

मग हे पान भरले कसे? देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. म्हणजे 'स्मृतिचित्रे'चा उगम आत्मप्रकटीकरणाच्या इच्छेत नाही. कुणी तरी विचारले म्हणून सांगितले, असा आहे. मला हे फार महत्त्वाचे वाटते. विचारले गेले टिळकांविषयी, उत्तर आले ते दोघांविषयी, आणि त्यातही प्रारंभी टिळक नाहीतच. प्रारंभी आहेत लक्ष्मीबाईंचे वडील, नाना, आणि त्यांचे सोवळे.

या नानांपाशी थोडे थांबू. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या आघातानंतर नानांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. घरात येणारा प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यावयाचा, मीठसुद्धा. घरातील बायकामुलांचा त्यात जो छळ होई तो लेखिकेने लपविलेला नाही. आता विचार करा, हे लिहिणारी व्यक्ती कोण आहे? स्पृश्यास्पृश्य, सोवळे-ओवळे हे सारे मागे टाकून तीस-पस्तीस वर्षे ख्रिस्ती जीवन जगलेली स्त्री. तिच्या हाती निवाड्याची सारी साधने होती. पाहा, मी कोणत्या अंधारात जन्मले आणि कोणत्या प्रकाशात आले, असे एक वाक्य तिने लिहिले असते तरी कुणी तिला दोष दिला नसता. मिशनच्या वाचकांना तर ते आवडलेही असते. तिने ते लिहिले नाही. नाना आपल्यासमोर येतात ते एक भयंकर, हास्यास्पद आणि दुःखी माणूस म्हणून, आणि वाचक हसता हसता त्यांच्यासाठी कळवळतो. लेखिकेचे वडिलांवरचे प्रेम कोठेही शब्दांत सांगितलेले नाही. त्यांचे वेड इतक्या बारकाईने आठवणे, हेच ते प्रेम.

माझ्या मते या ग्रंथाची सारी थोरवी या एका संयमात आहे. शेवट ठाऊक असलेली लेखिका तो शेवट आरंभावर लादत नाही. जलालपूरची मुलगी जलालपूरचीच मुलगी राहते. पुढे ती ख्रिस्ती होणार आहे याची चाहूलही तिच्या खेळांना, भीतींना, खोड्यांना लागू दिलेली नाही. टिळक धर्मांतर करतात तेव्हा पत्नीच्या मनाची जी दशा झाली, माहेरी-सासरी जो आकांत झाला, तो तिने त्या वेळच्या हिंदू पत्नीच्या डोळ्यांनीच दाखविला आहे. पुढे स्वतः तोच मार्ग स्वीकारला म्हणून तिने त्या आकांताला अज्ञान म्हटले नाही.

याच्या उलट उदाहरण घ्यावयाचे तर आपल्या परंपरेतील सर्वांत थोर ग्रंथाचेच घ्यावे लागेल. संत अगस्तीन यांचा स्नानसंस्कार ३८७ सालच्या पास्काच्या रात्री मिलान येथे झाला. 'कन्फेशन्स' त्यांनी लिहिले ते त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, हिप्पोचे बिशप झाल्यावर. तोही एका अर्थी घडामोडींनी भरलेल्या मधल्या काळानंतर स्वतःकडे वळणेच. परंतु अगस्तीन देवाशी बोलतात, आणि देवासमोर उभा असलेला मनुष्य स्वतःवर आरोप केल्यावाचून राहत नाही. लहानपणी शेजारच्या बागेतील नाशपाती चोरल्या, तर त्या चोरीच्या मुळाशी कोणते पाप होते याचा शोध ते पानेच्या पाने घेतात. आई मोनिका निवर्तली तेव्हा त्यांनी अश्रू आवरले. नंतर एकांतात रडले, तर त्या रडण्याचाही जाब त्यांनी स्वतःला विचारला. हे महान आहे, यात संशय नाही. मात्र ते महान आहे ते अगस्तीनांच्या हाती. आपल्यासारखा सामान्य मनुष्य तोच साचा घेऊन बसला की वही हे पापनिवेदनाचे आसन होते. पहिल्या वाक्यात क्षमा, दुसऱ्यात अपराधांची मोजदाद, तिसऱ्यात सुधारण्याचा निश्चय, आणि चौथे वाक्य सुचतच नाही. कारण पापनिवेदन संपले की पापनिवेदक उठून जातो, आणि तसे उठून जाणेच योग्य असते.

त्या बाईंच्या वहीतील पहिल्या वाक्याचे मूळ मला येथे सापडले. बाळपणापासून आम्ही कॅथोलिक मंडळी स्वतःविषयी बोलावयाचे ते गुडघे टेकून, जाळीच्या आडून, हलक्या आवाजात, असे शिकलो. कुमसार ही आमची स्वतःविषयी बोलण्याची एकमेव रीत. ती कृपेची रीत आहे, पण ती साहित्याची नव्हे. न लिहिणे हे काही पाप नाही. त्याची क्षमा मागावयास माणूस बसला की त्या पन्नास वर्षांत जे घडले ते सारे एका अपराधाच्या सबबी होऊन बसते.

दुसरा साचा समर्थनाचा. जॉन हेन्री न्यूमन ९ ऑक्टोबर १८४५ रोजी कॅथोलिक झाले. अँग्लिकन मित्र दुरावले, ऑक्सफर्ड सुटले, नव्या घरातही संशयाच्या नजरा होत्याच. ग्रंथ लिहीत राहिले, प्रवचने देत राहिले, परंतु आपण हा मार्ग का धरला याची साद्यंत हकिगत त्यांनी जवळजवळ एकोणीस वर्षे जगासमोर मांडली नाही. १८६४ साली चार्ल्स किंग्सली यांनी त्यांच्या आणि एकूणच आपल्या धर्मगुरूंच्या सत्यनिष्ठेवर जाहीर आक्षेप घेतला तेव्हा 'अपोलोजिया' अवतरली, आठवड्या-आठवड्याला, भागाभागाने, लिहिताना अनेकदा डोळ्यांतून पाणी वाहत असताना. २०१९ साली संतपद पावलेल्या या महापुरुषाचा तो ग्रंथ मी पुष्कळदा वाचला आहे. तरीही एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. तो न्यायालयात उभ्या असलेल्या मनुष्याचा ग्रंथ आहे. कोणत्या वर्षी कोणते मत होते आणि ते का बदलले, याचा त्यात चोख हिशेब आहे. न्यूमन यांच्या घरात काय शिजत असे, हे त्यात नाही. असण्याचे कारणही नव्हते, कारण किंग्सलींनी ते विचारले नव्हते. ज्याने मौन मोडावयास लावले त्याचा प्रश्न त्या मौनानंतरच्या लेखनाला आकार देतो. शत्रूने विचारले तर एक ग्रंथ होतो, मुलाने विचारले तर दुसरा.

आता थोडे आपल्या घरचे. आमच्या नियतकालिकांतून आठवणीवजा लेखन येते त्याला आम्ही बहुधा 'साक्ष' म्हणतो. मी स्वतः असे पुष्कळ लेख तपासून छापावयास धाडले आहेत, तेव्हा ही टीका माझ्यावरही आहे. या लेखांचा घाट ठरलेला असतो. संकट आले, नोव्हेना केला, संकट टळले. मधली वर्षे एका वाक्यात उरकलेली असतात, कारण त्यांचा सिद्धतेशी संबंध नसतो. गिरणी बंद पडल्यावर घरात पहिल्या महिन्यात काय झाले, दुसऱ्यात काय झाले, कोणता दागिना आधी गेला, शेजारणीने उसने देताना काय म्हटले, हे सारे गाळले जाते. देवाचा उपकार सांगण्याच्या घाईत त्याने जो दिवस दिला तो दिवसच आपण सांगत नाही. लक्ष्मीबाईंची श्रद्धा माझ्यापेक्षा उणी नव्हती. तरी त्यांनी दिवस सांगितला. देवाचा हात कोठे होता ते वाचकाने ओळखावे, असा त्यांचा विश्वास असावा.

ग्रंथाचे नावही पाहा. आत्मचरित्र नव्हे, चित्रे, आणि तीही स्मृतीची. चित्रांच्या मधे भिंत असते. ती भिंत लेखिकेने रंगविण्याचा खटाटोप केला नाही. कित्येक वर्षे ती सरळ ओलांडते. मधली हकिगत राहून गेली म्हणून खंत नाही, सालवार मांडणीची हौस नाही. मौनातून परतणाऱ्याला सर्वांत मोठे भय असते ते सारे भरून काढण्याचे. इतके घडून गेले, आता कोठून सुरुवात करू? लक्ष्मीबाईंचे उत्तर असे दिसते की जे आज डोळ्यांसमोर उभे राहते तेथून करावी. जे उभे राहत नाही ते तसेच सोडावे.

आणखी एक अनुमान मांडतो, ते अनुमान म्हणूनच घ्यावे. 'स्मृतिचित्रे'चे वाक्य हे लिहिलेले वाक्य वाटत नाही, ते सांगितलेले वाटते. लहान, सरळ, शेवटी किंचित वळण घेऊन हसविणारे. असे वाक्य पासष्टाव्या वर्षी एकाएकी येत नाही. स्वयंपाकघरात, मुलांच्या अंथरुणाशी, पाहुण्यांच्या गराड्यात वर्षानुवर्षे सांगून सांगून ते गुळगुळीत झाले असले पाहिजे. म्हणजे कागदावरचे मौन हे माणसाचे मौन नव्हतेच. आमच्या अंधेरीतील वाचकांना कोंडिविट्याचे जुने देऊळ ठाऊक आहे. १५७९ साली उभारलेले ते योहान बाप्तिस्ताचे देऊळ १८४० च्या सुमारास साथीमुळे ओस पडले. आज सीप्झच्या कुंपणाआड भिंती उभ्या आहेत. परंतु देऊळ ओस पडले म्हणून प्रार्थना थांबली नव्हती. मंडळी मरोळला गेली आणि तेथे प्रार्थना करू लागली. भिंती पाहून जो मौनाचे माप घेईल त्याचे माप चुकेल.

ग्रंथात उणे नाही असे मी म्हणणार नाही. पूर्वार्धाची धार उत्तरार्धात सर्वत्र टिकत नाही. स्नानसंस्कारानंतरच्या भागात माणसे फार येतात आणि लवकर जातात. मिशनशी आलेल्या कडूगोड संबंधांविषयी लेखिका काही ठिकाणी अति सांभाळून बोलते असे मला वाटते. टिळकांनी १९१७ साली मिशन सोडून 'देवाचा दरबार' उभारला, त्या वेळी घरात जी घालमेल झाली असेल तिच्याविषयी मला आणखी वाचावयास आवडले असते. ज्यांच्याविषयी लिहावयाचे ती माणसे, निदान त्यांची मुले, हयात होती हे कारण असू शकेल. याउलट शिवाशिव सुटण्याचा भाग पाहावा. पतीकडे येऊनही आपले सोवळे आणि चूल वेगळी ठेवणारी ही स्त्री एके दिवशी जात ही माणसाने केलेली आहे या विचारापाशी येऊन ठेपते आणि नानांपासून चालत आलेले ते सारे ओझे खाली ठेवते. नाना त्या पानावर नाहीत. पण वाचकाला त्यांचे धुतलेले मीठ आठवल्यावाचून राहत नाही. हा दुवा लेखिकेने जोडून दाखविलेला नाही, आणि म्हणूनच तो तुटत नाही.

लक्ष्मीबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या याची आठवण मंडळातील एका ज्येष्ठांनी करून दिली. बरोबरच आहे. त्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिवारातल्या. टिळक पतिपत्नींनी ज्या राहुरीत संसार केला त्याच परिसरातील केंदळहून १९०३ साली आपल्या फादर डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला. एवढे शेजार असूनही पंथापंथांतील भिंतीमुळे एकमेकांच्या घरात डोकावणे त्या काळी सोपे नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश दिला त्यानंतर ते अंतर कमी होऊ लागले. टिळकांची पदे आता आपल्या मराठी मिस्सेतही गायिली जातात. लक्ष्मीबाईंचे गद्य मात्र आपल्या घरांतून अजून म्हणावे तसे वाचले जात नाही. शान्ता गोखले यांनी केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१७ साली निघाले आहे. तेव्हा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवंडांचीही सबब उरली नाही.

मी 'स्मृतिचित्रे'ची प्रत त्या बाईंना वाचावयास दिली होती. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या तोंडावर त्यांनी ती परत आणली. पुस्तक आवडले होते, नानांवर तर त्या बराच वेळ बोलल्या. पण चेहरा समाधानी नव्हता.

"लक्ष्मीबाईंना विचारायला मुलगा होता, फादर. मला कोण विचारतंय?"

या आक्षेपाला ग्रंथात उत्तर नाही, आणि समीक्षकापाशी तर नाहीच नाही. मिस्सेला वीस मिनिटे होती. मी विचारले, गिरणीचा संप सुरू झाला, १८ जानेवारी १९८२, त्या दिवशी तुमच्या घरी काय शिजले होते?

त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या.

"सोमवार होता," त्या म्हणाल्या. "शिजवलं कुठे? रविवारचं मटण उरलं होतं, तेच गरम केलं. हे जेवायला बसले आणि म्हणाले, आज रस्सा पातळ झालाय. पातळ नव्हता तो. मी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा…"

घंटा झाली तेव्हा त्या अजून बोलत होत्या.